विश्वास माझा की घरचा?

प्रश्न: ताई, माझा जन्म ख्रिस्ती घरातला. लहानपणीच बाप्तिस्मा, मग संडे स्कूल, दृढीकरण (मोठेपणी विश्वास स्वतः कबूल करण्याचा विधी), क्वायर, सगळं ओळीने झालं. परवा ऑफिसमधल्या मैत्रिणीने सहज विचारलं, तू ख्रिस्ती का आहेस गं, तर मी पटकन बोलून गेले, आमचं घरच ख्रिस्ती आहे. तेव्हापासून चैन नाही. माझा खरंच विश्वास आहे की नुसती सवय? आईशी बोलायचीही भीती वाटते, तिला वाईट वाटेल.
– एक वाचक

उत्तर: आधी घाबरणं सोड. असा प्रश्न पडला म्हणजे विश्वास गेला असं अजिबात नाही, येशूचा प्रेषित पौल याने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला बायबलमधल्या दुसऱ्या पत्रात (13:5) हेच सांगितलंय की आपण विश्वासात आहोत का ते स्वतःच तपासून बघा, आणि हे तो बाहेरच्यांना नाही, मंडळीतल्याच लोकांना सांगतोय.

आणि घरून मिळालेला विश्वास म्हणजे खोटा असंही नाही गं. आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिताना पौल त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांची नावं घेऊन म्हणतो की हा विश्वास आधी त्यांच्यात होता आणि तुझ्यातही आहे अशी माझी खात्री आहे. याउलट पंडिता रमाबाई बघ, त्यांना हा विश्वास घरून मिळालाच नव्हता, 1883 मध्ये त्यांनी स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला, लोकांची टीका सोसली, आणि तरी त्यांनीच पुढे लिहून ठेवलंय की आठ वर्षांनी लक्षात आलं, ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता. स्वतः निवडणाऱ्याचंही असं होतं. म्हणून विश्वास कुठून आला हे उकरत बसू नकोस, आज तुझं प्रभूशी स्वतःचं काही बोलणं होतं का ते बघ.

एकटी असताना प्रार्थना कर, पण पाठ झालेली वाक्यं बाजूला ठेवून. आपलं काय होतं, ‘हे स्वर्गीय पित्या, आम्ही तुझे आभार मानतो’ असं सुरू केलं की तोंड आपोआप आमेनपर्यंत पोचतं आणि मनात उद्याची कामं चालू असतात. त्यापेक्षा ज्याचा राग आहे त्याचं नाव घेऊन सांग, ज्याची लाज वाटते ते सांग, पटत नाही तेही सांग. काहीच जाणवलं नाही तरी चालेल, ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालव’ म्हणणाऱ्या, मुलाला बरं कर म्हणून आलेल्या बापाला येशूने परत पाठवलं नाही (मार्क 9). उपासनेत गाणी म्हणताना डोळे भरून येतात का यावरून मी तरी काही ठरवणार नाही. कुणाला माफ करायचंय आणि मन तयार नाही, घरच्यांना किंवा पास्टरांना यातलं काहीच कळणार नाहीये, तरी तू प्रभूसाठी पाऊल टाकतेस का, ते मला जास्त खरं वाटतं.

आईचं म्हणशील तर योहानाचा चौथा अध्याय वाच. येशूला भेटलेल्या शोमरोनी (शोमरोन प्रांतातल्या) बाईच्या सांगण्यावरून तिच्या गावातल्या पुष्कळांनी विश्वास ठेवला, मग येशू 2 दिवस त्यांच्याकडे राहिला आणि ते तिला म्हणाले, आता आम्ही तुझ्या बोलण्यावरून नाही, स्वतः ऐकून विश्वास ठेवतो. त्यात तिचा कसला अपमान? आईला सगळं सांग, आणि तिचा विश्वास तिचा स्वतःचा कधी झाला तेही विचार, कदाचित तिला हे आजवर कुणी विचारलंच नसेल.