इलेक्ट्रिक गाडी अडवतंय कोण? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : देवगड तालुक्यात माझी हापूसची बाग आहे. जुनी डिझेल गाडी काढून नवीन घ्यायचीय. मुलगा मुंबईत असतो, तो म्हणतो इलेक्ट्रिकच घ्या, कंपन्यांनी मुद्दाम ती वीस-पंचवीस वर्षं दाबून ठेवली, अमेरिकेत तर चांगल्या चालत्या गाड्या चुरडून टाकल्या. मी शोरूमला गेलो तर इलेक्ट्रिकचं नाव काढलं की तिथला पोरगा पेट्रोलच्या मॉडेलकडे नेत होता. कंपन्या खरंच अडवतात का, की हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवरचं आहे?
एक बागायतदार, देवगड

उत्तर : काका, गाड्या चुरडल्या हे अगदी खरं आहे. जनरल मोटर्सची ईव्ही-वन नावाची दोन सीटची गाडी होती, १९९६ साली आली, ती कोणाला विकलीच नाही, फक्त लीजवर दिली, एकूण १,११७ गाड्या बनवल्या आणि शेवटी सगळ्या परत मागवल्या, लोक विकत मागत होते तरी दिल्या नाहीत. बहुतेक भंगारात गेल्या, थोड्या म्युझियमला आणि कॉलेजांना दिल्या त्यासुद्धा बहुतेक चालणार नाहीत अशा करून. पण ही गोष्ट भंगारापासून सांगितली की अर्धीच कळते, ती १९९० पासून सांगायला हवी. त्या वर्षी जानेवारीत कंपनीने ह्या गाडीचा नमुना दाखवला, आणि जमतंय असं दिसल्यावर कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाने नियम केला की मोठ्या कंपन्यांच्या १९९८ मध्ये २ टक्के आणि २००३ मध्ये १० टक्के गाड्या अजिबात धूर न सोडणाऱ्या असल्याच पाहिजेत. मग कंपन्या काय करत होत्या, तर एकीकडे गाडी बनवत होत्या आणि दुसरीकडे तो नियम पाडायच्या मागे लागल्या होत्या. १९९६ मध्ये १९९८ ची अट निघाली, २००२ मध्ये जनरल मोटर्स आणि डेमलर-क्रायस्लर कोर्टात गेल्या, २००३ मध्ये नियम पार सैल झाला, आणि त्याच सुमाराला ईव्ही-वन पण गुंडाळली. हे सगळं दिवसाढवळ्या झालं, वकील लावून, अर्ज करून. म्हणून कोणी मला गुप्त कट म्हणून सांगायला लागलं की मी म्हणतो अरे गुप्त कशाला, सगळं कागदावर आहे.

आता कंपनीची बाजू पण ऐका, कारण तीही खोटी नाही. सुरुवातीच्या ईव्ही-वनमध्ये शिशाच्या बॅटऱ्या होत्या, आपल्या ट्रकला असतात त्याच जातीच्या, जड आणि लवकर उतरणाऱ्या, आणि कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे ह्या गाडीवर अब्जभर डॉलर गेले होते. नंतर लिथियम आलं तरी २०१० च्या आसपास एक युनिट वीज साठवणाऱ्या बॅटरीला हजार डॉलरच्या वर खर्च यायचा, २०२४ मध्ये तोच आकडा ११५ डॉलरवर आला. म्हणजे तेव्हा नुसत्या बॅटरीच्या पैशात अख्खी गाडी यायची. २०१४ मध्ये फियाटचे प्रमुख सर्जिओ मार्किओने यांनी तर जाहीर सांगितलं की आमची इलेक्ट्रिक फियाट ५०० कृपया घेऊ नका, एक गाडी विकली की माझे १४ हजार डॉलर बुडतात. कॅलिफोर्नियाच्या नियमापुरतीच ते ती विकत होते. फोर्डचा इलेक्ट्रिक विभाग २०२४ मध्ये पाच अब्ज डॉलरच्या आसपास तोट्यात होता. तोट्यात जाणारा माल कोण हौसेने पुढे ढकलेल? आणि ज्याच्याकडे हजारो कोटींचे इंजिनाचे कारखाने उभे आहेत तो ते वसूल होईपर्यंत थांबा म्हणणारच.

म्हणून माझं मत विचाराल तर हो, अडवतात, आणि परवडेल तितके दिवस अडवतात, आणि नियम कडक झाला किंवा शेजारच्या कंपनीने गिऱ्हाईक पळवलं की त्याच कंपन्या दोन वर्षांत गाडी आणून उभी करतात. जनरल मोटर्सचे तेव्हाचे प्रमुख रिक वॅगनर २००६ मध्ये स्वतःच म्हणाले की ईव्ही-वन बंद केली हा आपला सगळ्यात चुकलेला निर्णय.

पण सगळ्यांना एका माळेत ओवू नका. आपल्याकडेच बघा ना, बंगळुरूची छोटी रेवा २००१ पासून रस्त्यावर होती, ती कंपनी २०१० मध्ये महिंद्राने घेतली. टाटांनी जानेवारी २०२० मध्ये नेक्सॉन ईव्ही आणली, तेव्हा त्यांना डिझेल-पेट्रोलच्या बाजारात गमावण्यासारखं फार नव्हतं. मारुतीने २०१८ मध्ये ५० वॅगन-आर इलेक्ट्रिक करून टेस्टिंगला काढल्या, २०२० ला आणू म्हणाले, आल्याच नाहीत, आणि त्यांची पहिली इलेक्ट्रिक, ई-विटारा, गुजरातच्या कारखान्यातून बाहेर पडली ती ऑगस्ट २०२५ मध्ये. ज्याचं पेट्रोल आणि सीएनजीचं दुकान भरभरून चाललंय त्याला घाई नसते. आणि २०२४ मध्ये उत्तर प्रदेशाने हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरी दोन्ही असलेल्या, गाड्यांचा नोंदणी कर माफ केला तेव्हा मारुती, टोयोटा खूश आणि टाटा, महिंद्रा विरोधात, म्हणजे ज्याच्याकडे जो माल तयार त्याला त्याच मालावर सवलत हवी. पर्यावरणाचं नाव दोघंही घेतात. तुमच्या मुलाला एवढंच सांगा की कंपनी काय बोलते त्यापेक्षा ती सरकारकडे काय मागते ते बघ.

आता शोरूममधला पोरगा. मी २०२२ मध्ये गेलो तेव्हा (नाव नको) टेस्ट ड्राइव्हची इलेक्ट्रिक गाडी कोपऱ्यात उभी होती आणि ११ टक्के चार्ज, म्हणाले साहेब उद्या या, दुसऱ्या दिवशी पण तेच, मला अजून त्याचा राग आहे कारण माझ्या जागी दुसरा कोणी असता तर पेट्रोल घेऊनच घरी गेला असता. त्या पोराचा दोष नाही हो. डीलरचं पोट विक्रीपेक्षा सर्व्हिसिंगवर भरतं, आणि इलेक्ट्रिकला इंजिन ऑइल नाही, ऑइल फिल्टर नाही, क्लच प्लेट नाही, टायमिंग बेल्ट नाही. दर सर्व्हिसिंगला येणारं बिल बरंच कमी. वरून कंपनीने त्याला इलेक्ट्रिक विकल्याबद्दल काही जास्त दिलं नाही तर तो का विकेल, सांगा.

तुम्ही घ्यावी का? रोजचं बाग, बाजार, कणकवली, कुडाळ एवढं असेल आणि घरी अंगणात लावायची सोय असेल तर बिनधास्त घ्या. घाटाची भीती घालतात लोक, माझ्या शेजारच्या आबांनी मला विचारलंच होतं, 'अरे फोंड्याच्या घाटात बॅटरी संपली तर काय करतलंस?' त्याचा हिशोब सोपा आहे. दीड टनाची गाडी ६०० मीटर वर चढवायला निव्वळ अडीच युनिट जास्त लागतात, आणि उतरताना मोटर जनरेटर होते, त्यातलं निम्म्याच्या वर परत बॅटरीत येतं, ब्रेक पण तापत नाहीत. फक्त वर घाटमाथ्यावर १०० टक्के भरून खाली उतरू नका, भरलेल्या बॅटरीत परत येणारी वीज जाणार कुठे, मग सगळा भार साध्या ब्रेकवर येतो.

प्रश्न : आमचा गुहागरला होमस्टे आहे. पुण्या-मुंबईचे गेस्ट आता फोनवरच विचारतात चार्जिंग आहे का. कंपनीवाले म्हणतात चार्जर नाहीत म्हणून गाड्या खपत नाहीत, चार्जरवाले म्हणतात गाड्याच नाहीत. ह्यात अडवतंय नक्की कोण?
एक वाचक, गुहागर

उत्तर : ताई, चार्जर नाहीत हे कारण कंपन्या जरा सोयीने पुढे करतात असं माझं मत आहे. ज्याला खरंच विकायची असते तो स्वतः चार्जर टाकतो, टेस्लाने २०१२ पासून अमेरिकेत तेच केलं, म्हणून लोक लांब जायला लागले. आपल्याकडे केंद्र सरकारने २०२३ मध्ये सरकारी तेल कंपन्यांना ७,४३२ फास्ट चार्जिंग स्टेशनं उभारायला ८०० कोटी मंजूर केले, म्हणजे पेट्रोल विकणाऱ्यांच्याच पंपावर. पण हायवेच्या पंपावर आलेला चार्जर गुहागरच्या उताराला काय कामाचा, गेस्ट तर तुमच्याकडे दोन रात्री राहणार.

तुम्हाला फास्ट चार्जर लागतच नाही. गीझर-एसीला असतो तो १५ अँपिअरचा सॉकेट, त्यातून तीन-सव्वातीन किलोवॅट मिळतात, रात्रभरात नऊ तासांत सत्तावीस ते एकोणतीस युनिट, म्हणजे छोट्या गाडीची अख्खी बॅटरी. मीटरचा मंजूर भार आधी वाढवून घ्या, नाहीतर गेस्टचा एसी आणि गाडी एकदम लागले की एमसीबी पडेल. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अर्थिंग. आपली जमीन जांभ्याची, उन्हाळ्यात कोरडी ठाक पडते, अर्थिंग नावालाच उरतं. फ्रिज-टीव्हीला कळत नाही पण गाडीचा चार्जर लगेच लाल दिवा दाखवून बंद होतो आणि गेस्टला वाटतं गाडी बिघडली. हे माझ्याकडे दोन मे महिने झालंय, शेवटी नवीन खड्डा मारून मीठ-कोळसा घातला, आता एप्रिलपासून आठवड्याला दोन बादल्या पाणी ओततो. सॉकेट झाकण असलेल्या वॉटरप्रूफ बॉक्समध्येच बसवा, खाऱ्या हवेने पिना हिरव्या पडतात आणि मग गरम होतात. वेगळा सबमीटर लावा म्हणजे युनिटचे पैसे घेताना कोणाशी वाद नको.

प्रश्न : मी सावंतवाडीला गॅरेज चालवतो, दोन पोरं हाताखाली आहेत. इलेक्ट्रिक गाड्या वाढल्या तर कंपन्या सगळं काम स्वतःकडेच ठेवणार, आमचं काय?
एक मेकॅनिक, सावंतवाडी

उत्तर : भावा, ही अडवणूक मला सगळ्यात जास्त लागते, कारण ती गाडी विकल्यानंतरची आहे. एरर कोड वाचायचं सॉफ्टवेअर कंपनीकडे, पार्ट कंपनीकडे, बाहेर हात लावला तर आठ वर्षांची बॅटरी वॉरंटी जाईल ही भीती गिऱ्हाईकाला. मग साध्या सेन्सरसाठी माणूस टोइंग करून कोल्हापूर नाहीतर पणजी गाठतो, आणि गावी येऊन सांगतो बाबांनो घेऊ नका. केंद्राच्या ग्राहक खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअर, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल काढलं, त्यात वाहनं पण आहेत, पण पोर्टलवर मॅन्युअल असणं वेगळं आणि तुझ्या लॅपटॉपवर गाडी उघडणं वेगळं. इथे कायद्याचाच दट्ट्या हवा, आणि तो गॅरेजवाल्यांनी एकत्र मागितल्याशिवाय येणार नाही.

तोपर्यंत काम पुष्कळ आहे. सस्पेन्शन, बुश, व्हील बेअरिंग, एसी, टायर हे सगळं तसंच आहे, उलट गाडी जड म्हणून टायर आणि बुश लवकर जातात, आणि आपले रस्ते तुला माहीत आहेत. इलेक्ट्रिक गाडीत साधी १२ व्होल्टची बॅटरी पण असते, ती बसली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी उघडत नाही की सुरू होत नाही, लोक घाबरून टो बोलावतात, ते तुझं दहा मिनिटांचं काम. फक्त नारिंगी वायर दिसली की थांब, त्यात ३०० व्होल्टच्या वर असतात. हजार व्होल्टचे रबरी हातमोजे घे, मोठ्या बॅटरीची वीज तोडायचा मेन डिस्कनेक्ट कुठे असतो ते प्रत्येक मॉडेलचं शिकून घे, आणि दोनपैकी एका पोराला ह्या वर्षीच कुठे तरी हाय-व्होल्टेजच्या ट्रेनिंगला पाठव, त्याचा महिन्याचा पगार चालू ठेवून.