आधी ग्लास, मग भाषण

प्रिय मित्रा,

परवा तू घरी बनवलेल्या तीन बिअर चाखायला आम्हा दहा जणांना बोलावलंस. तिन्ही स्वच्छ उतरल्या होत्या, ते तिथेच सांगितलं. जे तिथे बोलले नाही, ते आता लिहिते.

एक पाहुणा म्हणाला, मला आपली साधी, फिकी, थंडगार लागर बिअर आवडते. तू हसलास आणि म्हणालास, "ते तर पाणी!" पुढचा तासभर तो ग्लास हातात धरून बसला, एक प्रश्न विचारला नाही त्याने. ज्याला शिकवण्यासाठी तू हा घाट घातलास, तोच पहिल्या पाच मिनिटांत गप्प झाला.

आणि ज्याला तू पाणी म्हणालास ते एकदा करून बघ. १८४२ मध्ये आताच्या चेकियातल्या पिल्सेनला योझेफ ग्रोल याने सोनेरी लागर बनवली, तेव्हापासून जग तिच्या मागे आहे. तिचं यीस्ट, म्हणजे साखरेचा अल्कोहोल करणारी बुरशी, साधारण ८ ते १३ अंश सेल्सिअसला सावकाश काम करतं, नंतर बिअर कित्येक आठवडे थंडीत ठेवावी लागते. तिच्यात लपायला जागा नसते. माझ्या कितीतरी चुका भाजक्या चवीच्या काळ्या स्टाउट बिअरमध्ये बुडून गेल्या. फिक्या लागरमध्ये एकही बुडली नाही.

लोण्याच्या वासाचंच घे. सुरुवातीला सहा महिने माझ्या प्रत्येक बिअरला तो यायचा आणि मी ऐटीत सांगायचे, ही माझी खास चव. शेवटी बिअर बनवण्यात मुरलेल्या एकाने घोट घेतला, काही न बोलता ग्लास खाली ठेवला आणि विचारलं, "बाटल्या भरायची घाई का करतेस?" त्या वासाला डायअ‍ॅसिटिल म्हणतात. यीस्टच्या कामातून ते तयार होतं आणि थोडा वेळ दिला तर यीस्टच ते परत शोषून घेतं. मी वेळ देत नव्हते, एवढंच. हा किस्सा मी अजून सांगते, कारण मेडलपेक्षा फसलेल्या बिअरच्या गोष्टीवर लोक जास्त विश्वास ठेवतात. तू मात्र परवा एकही फसलेली बिअर सांगितली नाहीस.

आता जरा रागाची गोष्ट. बायकांच्या हातात तू न विचारता फळांची आंबटगोड बिअर दिलीस आणि स्टाउटची बाटली पुरुषांकडे सरकवलीस. माझ्याही हातात तेच फळ! मी अठरा वर्षं स्टाउट बनवते हे तुला पाठ आहे. म्हणजे हात सवयीनेच गेला. प्राचीन इराकमधल्या सुमेरियन लोकांची बिअरची देवता निंकासी ही देवी होती, तिचं स्तोत्र इसवी सनापूर्वी १८०० च्या आसपासचं आहे. इंग्रजीतलं 'ब्रूस्टर' हे आडनाव मुळात बिअर बनवणाऱ्या बाईला म्हणायचे. हे सगळं पाहुण्यांना ऐकवायची गरज नाही. फक्त विचार, "कडू चालेल की भाजका वास हवा?" आणि जो म्हणेल, मी पीत नाही, त्याला कारण विचारू नकोस. नुसता वास घेऊनही माणूस पुष्कळ शिकतो.

"काळी म्हणजे कडक" असं कुणीतरी म्हणालंच. त्यावर तू माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या, रसायनशास्त्रावर दहा मिनिटं बोललास. त्याऐवजी चार वाट्या मांडायच्या होत्यास: फिका माल्ट, कॅरॅमल माल्ट, चॉकलेट माल्ट आणि भाजलेली बार्ली. चार दाणे चावले की फिक्याला बिस्किटाची गोडी लागते, शेवटच्याला करपट कॉफी. मग सांग की स्टाउटचा काळा रंग या शेवटच्या मूठभर दाण्यांचा, बाकी बहुतेक धान्य फिकंच असतं. अल्कोहोल येतो यीस्टने खाल्लेल्या साखरेतून. द्रवाची घनता मोजणारा हायड्रोमीटर सुरुवातीला १.०५० आणि शेवटी १.०१० दाखवत असेल, तर फरकाला १३१ ने गुणायचं: सव्वापाच टक्के अल्कोहोल. या हिशेबात रंग येतोच कुठे? गिनेस ड्राफ्ट ही स्टाउट काळीभोर आहे आणि ४.२ टक्क्यांवर थांबते. ट्रिपेल ही सोनेरी बेल्जियन बिअर सहज आठ-नऊच्या घरात जाते. बीजेसीपी या बिअर परीक्षकांच्या संस्थेच्या परीक्षणात ५० पैकी चवीला २०, वासाला १२ आणि रंग, फेस, पारदर्शकता या सगळ्यांना मिळून ३ गुण असतात. तीनच!

माझा आवडता प्रयोग उन्हाचा. हॉप्स या वेलीच्या फुलांचा कडवटपणा चांगला असलेली एकच बिअर दोन काचेच्या ग्लासांत ओत, एक सावलीत ठेव, दुसरा कडक उन्हात. थोड्या वेळाने दोन्ही हुंगायला दे. उन्हातल्या ग्लासाला जळक्या रबरासारखा उग्र वास येतो: प्रकाशाने हॉप्समधले कडू घटक तुटतात आणि गंधकाचं एक संयुग बनतं. तपकिरी काच हा प्रकाश बराचसा अडवते, हिरवी आणि पांढरी अडवत नाही. हिरव्या बाटलीतल्या बिअरचा तो वास म्हणजे अस्सलपणाची खूण, असं मानणारेही मला भेटलेत. त्यांना फक्त दोन ग्लास दिले.

आपल्यातल्या सोवळ्यांपासूनही सांभाळ. कुणी जर्मनीतल्या बव्हेरियाचा बिअरबद्दलचा १५१६ चा कायदा तोंडावर फेकेल: बार्ली, हॉप्स, पाणी, बस्स. त्याला हळूच विचार, यीस्ट कुठे गेलं? त्यात ते नव्हतंच, कारण त्याचं काम तेव्हा कुणाला कळलेलं नव्हतं. तो कायदा पाळायचा तर आपली बादली फसफसणारच नाही.

या छंदाची ताकद तुला कमी वाटते म्हणून तू आवाज चढवतोस, असा माझा अंदाज आहे. अमेरिकेत घरी बिअर बनवायला केंद्रीय कायद्याने मोकळीक देणाऱ्या विधेयकावर राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी १९७८ मध्ये सही केली. तिथल्या सिएरा नेवाडा या बिअर कंपनीची ब्रूअरी १९८० साली उभी करणारे केन ग्रॉसमन त्याआधी घरी बिअर बनवणाऱ्यांना सामान विकायचे. ते दुकान भाषणांवर चाललं नसणार.

पुढच्या वेळी घोट लहान ठेव, पन्नास-साठ मिलिलिटर पुरे. आणि त्या पाहुण्याला नक्की बोलाव. मी फिकी लागर लावली आहे, अजून तीन आठवडे थंडीत राहील. पहिला ग्लास त्याला द्यायचा, आणि त्याला काय वाटलं ते सांगून होईपर्यंत तू काही बोलायचं नाहीस.

तुझी,
मावशी