कीटकांच्या मॅक्रोसाठी कोणती लेन्स घ्यावी?

पहिलीच मॅक्रो (अगदी जवळून मोठे फोटो काढायची) लेन्स घेणार असाल तर ९० ते १०५ मिमी फोकल लेंग्थचीच घ्या. ६० मिमी हलकी असते, पण १:१ला (म्हणजे सेन्सरवर कीटक खऱ्या आकाराइतकाच उमटतो तेव्हा) तो लेन्सच्या तोंडापासून जेमतेम ९-१० सेंमीवर येतो. लेन्सची सावली पडली की चतुर उडालाच. १०० मिमीला हेच अंतर साधारण १४ सेंमी मिळतं. १८० मिमीत आणखी मिळतं, पण वजनामुळे हात थरथरतो.

झूमवर नुसतं 'मॅक्रो' लिहिलेलं बघून फसू नका, १:१ आहे का ते तपासा.

आत्ताच खर्च नको असेल तर ५० मिमी लेन्समागे २५ मिमीची एक्स्टेन्शन ट्यूब (कॅमेरा आणि लेन्समध्ये बसणारी पोकळ नळी) लावा, सुमारे अर्ध्या पटीचं मॅग्निफिकेशन मिळेल. ट्यूब इलेक्ट्रॉनिक संपर्कबिंदू असलेलीच घ्या. नाहीतर बहुतेक आधुनिक लेन्सचं अॅपर्चर (प्रकाश आत येण्याचं छिद्र) कॅमेऱ्यावरून बदलता येत नाही.

१:१ला अॅपर्चर एफ/११ इतकं लहान ठेवलं तरी जेमतेम एक मिलिमीटर शार्प येतं. म्हणून फोकस डोळ्यांवरच. त्याहून लहान एफ/२२ला जाऊ नका, डिफ्रॅक्शनने (फार लहान छिद्रातून प्रकाश पसरल्याने) डोळ्यांतली जाळीच पुसट होते. ऑटोफोकस बंद करून स्वतः हळूच पुढेमागे व्हा. फ्लॅशला डिफ्यूजर (प्रकाश मऊ करणारा पडदा) हवाच, विशेषतः भुंगेऱ्यांच्या चकचकीत पाठीसाठी.