बीएएमएसनंतर इंग्लंडमधली ‘हेल्थ अँड वेलबीइंग मॅनेजमेंट’ची एमएस्सी करावी की इथेच हॉस्पिटल मॅनेजमेंट?

तुम्ही बीएएमएस (आयुर्वेदाचे डॉक्टर) आहात, सांगलीत विश्रामबागला एका दवाखान्यात काम करता, आणि कर्ज काढून इंग्लंडला वर्षभर शिकून परत यायचा विचार आहे, असं लिहिलंय. मी मिरजेत हॉस्पिटलच्या प्रशासनात आहे. माझं मत स्पष्ट आहे: परत सांगली-मिरजेतच यायचं असेल तर तो खर्च करू नका. आणि कोर्स निवडण्याआधी काम निवडा. हॉस्पिटलच्या आत काम करायचंय, की लोकांना हॉस्पिटलची पायरी चढावी लागू नये म्हणून बाहेर?

आतलं काम कसं असतं ते सांगते. सकाळच्या राउंडला डॉक्टर म्हणतात, “आज घरी सोडा.” नातेवाईक पिशव्या भरून बसतात, अथणीहून येणाऱ्या गाडीवाल्याला फोन जातो. इकडे डिस्चार्ज समरी (उपचारांचा सारांश) टाइप व्हायची असते, उरलेली औषधं फार्मसीला परत जायची असतात. कॅशलेस विमा असेल तर टीपीएकडून, म्हणजे विमा कंपनीसाठी दावे तपासणाऱ्या संस्थेकडून, फायनल अप्रूव्हल यायचं असतं, आणि नेमकी तेव्हाच क्वेरी येते, ‘अमुक रिपोर्ट जोडा’. दुपार टळून जाते. खाली कॅज्युअल्टीत दुसरा पेशंट त्याच बेडची वाट बघत असतो. समरी आदल्या संध्याकाळीच तयार ठेवली, औषधं राउंडआधी मोजून ठेवली, तर यातले कितीतरी तास वाचतात. पण त्यासाठी वॉर्ड, फार्मसी आणि बिलिंग या तिघांना एकत्र बसवावं लागतं. व्यवस्थापन म्हणतात ते हेच, आणि मला ते मनापासून आवडतं.

तुमची पदवी इथे वाया जात नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हॉस्पिटलला मेडको लागतो, प्रीऑथ (उपचाराआधीची मंजुरी) आणि क्लेम बघणारा डॉक्टर. क्वेरी का आली हे केसपेपर वाचून ज्याला कळतं, त्याला मिरजेत मागणी आहे. एनएबीएच या हॉस्पिटलच्या दर्जाच्या मानांकनाची तयारी, बायोमेडिकल कचऱ्याचे 2016 चे नियम हेही याच कामात येतं. पिवळ्या पिशवीत काय, लालमध्ये काय इथपासून, 48 तासांच्या आत कचरा उचलला गेला का इथपर्यंत.

बाहेरचं काम वेगळं. कृष्णेचा 2019 आणि 2021 चा महापूर तुम्ही पाहिला असेल. पाणी ओसरल्यावर कुठल्या गावाचं पाणी तपासायचं, लेप्टोसाठी (पुरानंतर पसरणारा ताप) गोळ्या कुणाला द्यायच्या, आशाताईंना आधी कुठल्या वस्तीत पाठवायचं, हे कुणीतरी ठरवत असतं. त्यासाठी एमपीएच (सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी) करा, कारण साथरोगशास्त्र आणि संख्याशास्त्र नीट त्यातच शिकवतात. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या जिल्हास्तरावरच्या कंत्राटी जागांच्या जाहिराती वाचून बघा: बऱ्याचदा वैद्यकीय पदवी आणि सोबत एमपीएच, एमएचए (हॉस्पिटल प्रशासनाची पदव्युत्तर पदवी) किंवा आरोग्य विषयातलं एमबीए मागतात. पगार आणि नोकरीची खात्री मात्र आधी विचारून घ्या.

इंग्लंडचा कोर्स वाईट नाही. पण तिथली सरकारी आरोग्यसेवा, एनएचएस, 1948 पासून मुख्यतः करावर चालते, त्यामुळे उदाहरणंही त्याच व्यवस्थेतली असणार. आपल्याकडचं उपचारांचं ठरलेल्या दराचं पॅकेज, प्रीऑथ, टीपीए यातलं काही तिथे शिकायला मिळणार नाही. तिकडेच राहायचं असेल, किंवा पुण्या-बेंगळुरूच्या कंपन्यांत कर्मचाऱ्यांच्या आरोग्याचं काम करायचं असेल, तर विचार करा. मिरजेतल्या प्रशासकाच्या पगारात पौंडांतल्या फीचं कर्ज फिटता फिटत नाही.

संस्था म्हणाल तर मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतलं एमएचए, दोन वर्षांचं. एमपीएचसाठी तिरुवनंतपुरमची श्री चित्रा तिरुनाल संस्था. राज्यातल्या एमबीए कॉलेजांना सीईटी लागते. तिथे माहितीपत्रकातल्या फोटोंवर जाऊ नका; इंटर्नशिप कुठल्या हॉस्पिटलात, किती बेडचं, आणि तिथे बिलिंग, स्टोअर, सीएसएसडीत (उपकरणं निर्जंतुक करणारा विभाग) बसू देतात की नुसता रिपोर्ट लिहून घेतात, हे विचारा. हे जुन्या विद्यार्थ्यांनाच फोन करून विचारा.

आणि एक. या वाटेने गेलात की नाडी बघणं जवळजवळ सुटतं. ते चालणार आहे का, हे घरच्यांशी नाही, स्वतःशी बोला. अर्ज भरायच्या आधी एखाद्या मेडकोशेजारी आणि जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरातल्या (सरकारी आरोग्य केंद्र) समुदाय आरोग्य अधिकाऱ्याशेजारी एकेक दिवस बसून या. तिशीपुढच्यांचा बीपी-शुगर तपासणारे ते अधिकारी बहुधा तुमच्यासारखे बीएएमएसच असतील, त्यांना मोकळेपणाने विचारता येईल.