विहीणबाई, भांडी कोणाची वापरणार?

लग्न तोंडावर आलं की समुपदेशक म्हणून माझ्याकडे येणाऱ्या घरांची अडचण बहुतेक वेळा एकच असते. मुलगा-मुलगी पसंत, घराणी पसंत, केतुबा (लग्नाचा करारनामा) कोण लिहिणार तेही ठरलेलं, आणि घोडं अडलेलं असतं जेवणावर. ठाण्यात आम्हा बेने इस्रायलींची, म्हणजे मराठी ज्यूंची, वस्ती जुनी, इथलं शार हाशामाइम सिनेगॉग १८७९ सालचं. त्यामुळे लग्नाला निम्म्याहून जास्त पाहुणे शेजारपाजारचे, ऑफिसमधले, शाळेतले. मटणावर आईस्क्रीम मिळणार नाही हे त्यांच्या गावीही नसतं. दुसरीकडे आपल्या मुलामुलींची लग्नं आता इस्रायलमधल्या अश्दोद, लोद, दिमोना इथल्या मराठी घरांत ठरतात आणि तिथली शिस्त इथल्यापेक्षा कडक झालेली असते. ‘कोशर, म्हणजे आपले खाण्यापिण्याचे धर्मनियम सांभाळू, की पाहुणे सांभाळू?’ हा प्रश्न इतक्या जणींच्या तोंडून ऐकला की एकदा त्यावर सविस्तर लिहावंसं वाटलं.

एका घराची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि बऱ्याच बैठकांतलं बोलणं थोडक्यात आणलं आहे.

मुलगी ठाण्याची, बँकेत नोकरीला. मुलगा अश्दोदचा, जन्म तिथलाच, पण घरात मराठी. लग्न ठाण्यात करायचं ठरलं. मुलीच्या आईने हौसेने बेत आखला: मेंदीच्या रात्री मलिदा, लग्नाला मटण बिर्याणी आणि पापलेट, बाहेरच्या पाहुण्यांसाठी बाजूच्या टेबलावर आईस्क्रीम. व्हिडिओ कॉलवर होणाऱ्या विहीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘भांडी कोणाची वापरणार?’

त्या दिवसापासून मुलीच्या आईने जेवणाचा विषय काढणंच सोडलं. रात्रीची झोप गेली. मुलगी म्हणायला लागली, रिसेप्शनच नको, सिनेगॉगमध्ये लग्न लावू आणि वेफर्सचा बॉक्स हातात देऊन मोकळं होऊ.

दोघी आल्या तेव्हा मुलीने वहीत तीन कॅटररचे दर लिहून आणले होते. वही बाजूला ठेवायला लावून मी आईकडे वळले.

‘विहीणबाईंनी विचारलं तेव्हा तुमच्या मनात काय आलं?’

‘काय येणार? भांडी कॅटररचीच असतात.’

‘हे त्यांना द्यायचं उत्तर झालं. मनात काय आलं?’

त्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग एकदम बोलायला लागल्या. ‘माझी आई आली डोळ्यांसमोर. रेवदंड्याच्या घरात मटणाची पातेली आणि दुधाची पातेली तिने एका फळीवर ठेवली नाहीत कधी. मटण अर्धा तास पाण्यात, तासभर मिठात, मग तीन पाण्यांनी धुवायचं. आम्ही पोरं भुकेने कळवळायचो तरी ती एक पाणी कमी करायची नाही. कुठला धर्मगुरू, कुठला रब्बी आला होता तिला शिकवायला? आणि आज ह्या मला विचारतात, भांडी कोणाची!’

मुलगी आईकडे बघतच राहिली. तिने हे कधी ऐकलंच नव्हतं. तिला इतके दिवस वाटत होतं की आई मटणासाठी रुसली आहे.

इथे मी मुद्दाम थांबले, कारण सगळं प्रकरण याच जागी अडकलं होतं. कोकणात आमचे पूर्वज तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं. जगातल्या इतर ज्यूंशी संबंध उरला नव्हता, हिब्रू विसरली होती, तरी शब्बाथ म्हणजे शनिवारची विश्रांती, सुंता, शमा ही प्रार्थना आणि खाण्यापिण्याचे नियम टिकले. टिकवले ते बहुतांशी स्वयंपाकघरात बायकांनी. मटणाच्या रश्शात दही-तूप नाही, नारळाचं दूध. नव्या वर्षाचा गव्हाच्या चिकाचा हलवा नारळाच्या दुधातला, म्हणून मटणाच्या जेवणावरही तो चालतो. किद्दुशला, म्हणजे पेला हातात घेऊन म्हणायच्या आशीर्वादाला, वाइन नाही, तर काळ्या मनुका भिजवून केलेलं सरबत. ज्या बाईच्या मागे एवढा वारसा उभा आहे, तिला भांड्यांचा प्रश्न ‘तुम्ही खऱ्या ज्यू आहात का?’ असाच ऐकू येणार.

मी अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ पद्धतीत घडले. एखादी गोष्ट घडण्यापेक्षा, ‘ती अशीच घडली पाहिजे’ या हट्टाने माणूस जास्त दुखावतो, हे त्या विचाराचं मर्म. धर्माचे नियम आले की ही पद्धत लंगडी पडते असं काही सहकारी म्हणतात, कारण तिथे ‘पाहिजेच’ला पर्याय नसतो. माझा अनुभव उलटा आहे. धर्माचं ‘पाहिजेच’ बहुधा मोजकं आणि स्पष्ट असतं. माणसांच्या मनातलं मात्र कुठेच लिहिलेलं नसतं, म्हणून त्याला अंत नसतो. दोन्ही वेगळी केली की निम्मं भांडण तिथेच ओसरतं.

म्हणून मायलेकींना एक कागद दिला आणि मधोमध रेघ मारायला सांगितली. डावीकडे तोरा हा आमचा धर्मग्रंथ आणि रब्बी काय मागतात ते. उजवीकडे ‘लोक काय म्हणतील’. मटण शोखेतने (ज्यू रीतीने जनावर कापणाऱ्याने) कापलेलं हवं, मांस आणि दूध एकत्र नको, खवले आणि पर नसलेली मासळी नको, भांडी शुद्ध करून घेतलेली हवीत: डावी बाजू इतक्यात संपली. उजवी बाजू पान उलटून पुढे गेली. मटणाशिवाय लग्न म्हणजे हात आखडला असं वाटेल. आईस्क्रीम नसेल तर मुलीच्या मैत्रिणी हसतील. आपण ठाण्याचे, ते इस्रायलचे, ते आपल्याला कमी लेखतील. हे शेवटचं वाक्य आईने स्वतःच्या हाताने लिहिलं आणि त्याखाली दोनदा रेघ ओढली.

पुढच्या वेळी मी अश्दोदच्या मंडळींना कॉलवर घेतलं. विहीणबाईंना मी प्रश्न विचारला नाही. मुलीच्या आईला म्हटलं, रेवदंड्याच्या फळीचं तुम्ही मला सांगितलंत, तसंच त्यांना सांगा. त्यांनी सांगितलं. पलीकडे बराच वेळ कोणी बोललं नाही. मला वाटलं नेटवर्क गेलं.

मग विहीणबाई म्हणाल्या, ‘अहो, मी तुमच्यावर शंका घेतली नाही हो. आमच्या इथून चार लोक लग्नाला येणार. परत गेल्यावर कोणी विचारलं तर मला उत्तर देता यायला हवं. माझ्या सासूबाईंच्या बहिणीचं लग्न इराकी ज्यू घरात ठरलं होतं, तेव्हा तिच्या आईची, आजीची चौकशी झाली. ज्यू आहात याचा पुरावा आणा म्हणाले. सासूबाई मरेपर्यंत ते विसरल्या नाहीत. तेव्हापासून आमच्या घरात प्रत्येक गोष्टीचा पुरावा तयार ठेवायची सवयच लागली.’

वाचकांना संदर्भ सांगते. १९६२ मध्ये इस्रायलच्या मुख्य रब्बींच्या कार्यालयाने बेने इस्रायलींचं इतर ज्यूंशी लग्न लावण्याआधी आईकडच्या पिढ्यांची चौकशी करण्याचा आदेश काढला. आपल्या माणसांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं आणि १९६४ मध्ये तिथल्या संसदेने बेने इस्रायली हे सर्व बाबतींत ज्यूच आहेत, असं स्पष्ट केलं. कायद्याचा प्रश्न तेव्हा मिटला. घराघरांत तो कुठल्या रूपाने शिल्लक राहिला, हे मला त्या दिवशी कळलं.

‘म्हणजे तुम्हालाही भीती वाटते?’ मुलीच्या आईने विचारलं.

‘वाटते ना. तुम्हाला वाटलं मी परीक्षा घेतेय?’

दोघी एकाच वेळी हसल्या आणि दोघींचे डोळे भरले. समुपदेशकाच्या आयुष्यात असे क्षण फार येत नाहीत. एक बाई पुरावा मागत होती कारण तिच्याकडे कोणीतरी पुरावा मागितला होता. दुसरी पुरावा मागितला म्हणून दुखावली होती. दोघींना छळणारा प्रश्न एकच होता आणि तो या लग्नातल्या कोणीच विचारलेला नव्हता. हे त्यांना मी समजावलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती आणि घरी जाऊन पुन्हा जागरण केलं असतं. एकमेकींच्या तोंडून ऐकलं म्हणून ते पोचलं.

यानंतर बेत ठरायला फारसा वेळ लागला नाही. हॉलवर मटण नाही. पापलेट, वालाचं बिरडं, नारळीभात, वरण, शेवटी चिकाचा हलवा, आणि पंगत केळीच्या पानावर. पानाला कोशरचा प्रश्नच येत नाही. मटण दुसऱ्या दिवशी घरी, सात आशीर्वादांच्या जेवणाला, घरच्या माणसांपुरतं. त्या मटणासाठी आचाऱ्याला सांगितलं की दही नाही, तूप नाही, तेव्हा तो गोंधळून म्हणाला, ‘मग चव कशाने आणू?’ खुर्चीत बसलेल्या आजी म्हणाल्या, ‘नारळ कमी पाडू नकोस.’ शेगड्या त्यांनीच पेटवल्या, आणि प्रत्येक पातेलं चढवताना त्याला हात लावला.

ज्यांच्या घरी लग्न आहे त्यांना मी आता काय सांगते, तेही लिहिते. हॉल बुक करण्याआधी दोन्ही घरांनी मिळून एक रब्बी किंवा हज्जान (सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणारा) ठरवावा. त्यांचा शब्द दोघांनी मानायचा आणि शंका आली की एकमेकांना न विचारता त्यांना विचारायचं. निम्मे गैरसमज इथेच टळतात. तारखेचंही त्यांच्याकडूनच बघून घ्या. मे महिन्याच्या सुट्टीत सगळे नातेवाईक मोकळे असतात, पण पेसाह म्हणजे वल्हांडण सणापासून ओमेरचे सात आठवडे मोजले जातात आणि त्यातल्या बऱ्याच दिवसांत लग्नं लावत नाहीत. तिशा बे-आव या शोकाच्या उपासाच्या आधीचे तीन आठवडेही वर्ज्य. मंगळवार मात्र आपल्याकडे आवडीचा. उत्पत्तीच्या तिसऱ्या दिवशी देवाने ‘चांगलं आहे’ असं दोनदा म्हटलं, म्हणून.

‘शुद्ध शाकाहारी कॅटरर घेतला की झालं का?’ असं पुष्कळ जण विचारतात. काम सोपं होतं हे नक्की: मांस-दुधाचा प्रश्न मिटतो, बासुंदीसुद्धा ठेवता येते. पण हिरवा ठिपका म्हणजे कोशर नाही. पालेभाज्या आणि फ्लॉवर किडीसाठी बारकाईने तपासावे लागतात, चीज आणि द्राक्षापासून केलेले पदार्थ विचारून घ्यावे लागतात, शेगडी कोणी पेटवायची ते ठरवावं लागतं. तसंच हलाल मटण म्हणजे कोशर मटण, असंही नाही. शोखेतशिवाय पर्याय नाही आणि मोठ्या पंगतीसाठी त्यांना बरंच आधी सांगावं लागतं. धातूची पातेली एक दिवस न वापरता ठेवून उकळत्या पाण्याने शुद्ध करता येतात, ते हज्जानच्या देखरेखीखाली करा. मासे तळायची कढई नवी घ्या, तिच्यावरून वाद घालण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. कोळणीला मासळी खवल्यांसकट द्यायला सांगा आणि आपल्यासमोर साफ करून घ्या. कोळंबी, खेकडे, तिसऱ्या नाहीत, हे आचाऱ्याच्या लक्षात असतं. तयार मसाल्यातला जवळा त्याच्या लक्षात येत नाही.

जोडप्यांना एक वेगळं सांगते. लग्नानंतर तुमच्या स्वयंपाकघरात काय चालेल, हे लग्नाच्या बेतावरून ठरवू नका. मुलगा मटणानंतर सहा तास दूध घेत नाही आणि मुलीला तासाभरात चहा लागतो, हे बोलणं हॉलच्या गडबडीत निघालं तर ते दोन घराण्यांचं भांडण होतं. दोघांनीच बसून, आयांना बाहेर ठेवून, आधी बोला.

आणि बाहेरच्या पाहुण्यांची काळजी सोडा. मराठी माणसाला कोणाचा चातुर्मास, कोणाचं कांदा-लसूण वर्ज्य, कोणाचा शनिवार हे लहानपणापासून माहीत असतं. ‘आमच्यात मटणाबरोबर दुधाचं चालत नाही’ एवढं सांगितलं की पुढे कोणी विचारत नाही. मटणाचं जेवण असेल तर चहा बिनदुधाचा, लिंबू घालून ठेवा, आणि हे कॅटररला लेखी द्या. सगळं सांभाळून शेवटी दुधाचा चहा फिरवला गेल्याचं मी एकाहून जास्त घरांतून ऐकलं आहे.