गावाकडच्या शाळेत पालकसभेला कोणी येत नाही, पालकांना कसं जोडून घ्यावं?

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तुमच्या गावात पालकसभेला चार-दोन जणच येतात, म्हणजे पालकांना मुलांच्या शिक्षणाची पर्वाच नाही, असं तुम्ही लिहिलंय. मला हे पटत नाही. सभा ठेवायची सकाळी अकराला, ऐन खुरपणीच्या दिवसांत. मजुरी बुडवून कोण येणार? आणि जे येतात त्यांना सगळ्यांदेखत मुलाच्या तक्रारी ऐकाव्या लागतात. जी आई स्वतः शाळेत गेलेली नाही, ती पुन्हा त्या दारात पाऊल ठेवत नाही. सभा संध्याकाळी घ्या, जमलं तर वस्तीवरच. तक्रार असेल ती एकट्यात सांगा.

खरी ताकद शाळा व्यवस्थापन समितीत आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 प्रमाणे तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा महिलांना असतात. आपल्याकडे अध्यक्षही पालकांतूनच निवडतात, मुख्याध्यापक सचिव असतात. शाळेचा विकास आराखडा करणं, अनुदान कुठे खर्च झालं ते पाहणं ही या समितीची कामं. पण पुष्कळ गावांत इतिवृत्ताची वही सह्यांसाठी घरोघरी फिरते आणि बैठक झाली असं धरलं जातं. याचा मला मनापासून राग येतो. पैसे किती आले, कशाला गेले, हे बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवा. मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी नाही, खिचडी कच्ची राहते, हे आयांना आपल्यापेक्षा आधी कळतं. त्यांच्या बोलण्यावर ठराव झाला आणि नळ आला, की पुढच्या बैठकीला बोलवायला जावं लागत नाही.

लहान मुलांना वाचन आणि गणित पक्कं यावं यासाठीच्या निपुण अभियानात पहिलीच्या मुलांच्या आयांचे गट केले आहेत, ते चालू ठेवा. वाचता न येणारी आईसुद्धा मुलाला रोज मोठ्यानं वाचायला लावू शकते. कुठे अडखळतोय ते कानाला कळतं.

बीडसारख्या ऊसतोडीच्या भागात असाल तर मजुरांच्या टोळ्या ऊसतोडीला निघण्याआधीच पालकांना गाठा. कोणतं मूल गावातच राहणार, कोणाला हंगामी वसतिगृह लागणार, हे तेव्हाच ठरवावं लागतं. हंगामभर आजी सांभाळणार असेल, तर शाळेच्या लेखी तीच पालक. सभेचा निरोप तिलाच द्या.