‘ब्रेकच लागला नाही,’ असं बाबा म्हणतात

पत्र थोडक्यात असं आहे:

“माझे वडील ७८ वर्षांचे. वीस वर्षं मधुमेह, इन्सुलिन चालू. दीड महिन्यापूर्वी गाडी चालवताना त्यांची साखर उतरली आणि स्कूटरवरच्या एका मुलाला त्यांनी उडवलं. मुलगा २४ वर्षांचा. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलंय, आत रॉड घातलाय. बाबांना काहीच आठवत नाही, ‘ब्रेकच लागला नाही’ एवढंच म्हणतात. रात्री उठून बसतात. नातेवाईक म्हणतात, आजारी माणसाचा काय दोष? त्या मुलाची आई म्हणाली, ‘मग गाडीत बसलेच कशाला?’ मी कोणाच्या बाजूने उभं राहू? आणखी एक. त्याच्या तीन महिने आधी बाबांनी फाटकाच्या खांबाला गाडी घासली होती. तेव्हाही ते घामाघूम झाले होते. मीच पत्रा ठोकून, रंग मारून गाडी आणली आणि घरात कोणाला सांगितलं नाही.”

ताई,

पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही ‘आणखी एक’ म्हणून शेवटी लिहिलीत. तिच्याकडे येतेच. आधी बाबांचं.

साखर ७०च्या खाली घसरली की बहुतेकांना घाम फुटतो, हात थरथरतात, छातीत धडधडतं. पण वर्षानुवर्षं इन्सुलिन घेणाऱ्या काहींची ही धोक्याची घंटाच बोथट होत जाते. मग मध्ये काही जाणवतच नाही, एकदम भान सुटतं. त्यात मेंदूलाच साखर कमी पडलेली असते, त्यामुळे आपलं काहीतरी बिघडतंय हे ओळखणार कोण? म्हणून ‘आठवत नाही’ हे खरं असू शकतं. ‘ब्रेकच लागला नाही’ हेसुद्धा ते मनापासूनच म्हणत असतील. पाय ॲक्सिलरेटरवर असतो, माणसाला वाटतं ब्रेकवर आहे, गाडी जितकी उसळते तितका तो अजून जोर लावतो. पण मनापासून म्हटलं म्हणून ते खरं ठरत नाही. एप्रिल २०१९मध्ये टोकियोच्या इकेबुकुरो भागात ८७ वर्षांच्या एका गृहस्थांच्या गाडीने ३१ वर्षांची आई आणि तिची तीन वर्षांची मुलगी गेली. गाडीतच बिघाड होता, असं ते सांगत राहिले. कोर्टाने ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबल्याचं मानलं आणि २०२१मध्ये पाच वर्षांची कैद सुनावली. मला त्या शिक्षेपेक्षा जास्त बोचतो तो बायको आणि मुलगी गमावलेला माणूस, जो दोषाचं हे टोलवणं ऐकत राहिला. तुमच्या घरातून ते वाक्य त्या मुलाच्या कानावर जाऊ देऊ नका. गाडी तपासून घ्या. ब्रेक ठीक निघाले तर बाबांना तसं सांगा, जवळ बसून.

आता तो खांब.

डिसेंबर २०१४मध्ये ग्लासगोत कचऱ्याचा ट्रक चालवणारा माणूस स्टिअरिंगवरच बेशुद्ध पडला. सहा माणसं गेली. त्याच्यावर खटला झाला नाही. पण पुढच्या चौकशीत निघालं, की २०१०मध्ये थांबलेल्या बसच्या स्टिअरिंगवर असतानाही त्याची शुद्ध हरपली होती आणि ते त्याने दडवलं होतं. शुद्ध जाणं त्याच्या हातात नव्हतं. सांगणं होतं.

तुमच्या घरातलं २०१० म्हणजे तो घासलेला खांब. ‘मग गाडीत बसलेच कशाला?’ या प्रश्नाचं अर्धं उत्तर बाबांकडे आहे आणि अर्धं तुमच्याकडे. हे लिहिताना मला बरं वाटत नाहीये. वडिलांचा मान राखायला तुम्ही गॅरेजला गेलात, हेही मला दिसतंय. तुमच्या जागी मीही कदाचित हेच केलं असतं. तरी चूक ती चूकच.

नातेवाईकांचं मात्र मला पटत नाही. दया स्वतःच्या खिशातून करायची असते. ही मंडळी ती त्या पोराच्या पायातून करतायत. ‘म्हातारा माणूस आहे, जाऊ द्या’ म्हणण्याचा अधिकार फक्त त्या मुलाला आहे, आणि तो त्याने वापरायलाच हवा असं नाही. बाबांवर माया करायला तुम्हाला कोणी अडवलेलं नाही. रात्री ते उठून बसले की तुम्हीही बसा. ‘तुमची काही चूक नाही’ असं फक्त म्हणू नका, त्यांना ते पटणार नाही. त्या मुलाचं नाव त्यांना माहीत आहे का, एवढं विचारा आणि मग ऐका.

गाडी बंद. यात घासाघीस नको. पण ‘आता वय झालं’ हे कारण देऊ नका, कारण ते खरंही नाही. ऐंशीतही नीट चालवणारे आहेत. साखर न सांगता उतरते, हे कारण, आणि ते डॉक्टरांच्या तोंडून आलेलं बरं. किल्ली काढून घ्यायच्या आधी त्यांना दवाखान्यात, बँकेत, मित्राकडे कोण आणि कुठल्या दिवशी नेणार, ते ठरवून ठेवा. नाहीतर चार भिंतींत माणूस मिटतो.

त्या मुलाला भेटायला जा. वकिलांना आधी विचारा, काय बोलू नये ते समजून घ्या, पण जा. पहिल्या भेटीत तडजोडीचा कागद नको, पाकीट नको, बाबांच्या आजाराची कहाणी तर नकोच. कामावर कधी जाता येईल, घर कोणाच्या पगारावर चालतं, विम्याचे कागद कुठे अडलेत, हे विचारा. आई दार लावून घेईल कदाचित. लावू द्या. आधी फोन करून आठवड्याने पुन्हा जा.

आणि त्या पत्र्याच्या कामाची पावती अजून कुठे असेल तर फाडू नका. वकिलांकडे जाताना ती सोबत न्या.